चष्म्याच्या दुकानातलं कथील

थोरलीने आयुष्यात कथील पाहिलं होतं ते भांड्यांच्या कल्हईपुरतं. ते डोंगरातून खणून काढतात, त्याच्या कंपन्या असतात आणि त्या कंपन्यांचे तुकडे माणसं घरबसल्या विकत घेतात, हे तिला कळलं चष्मेवाल्याच्या दुकानात. जवळचा नंबर वाढला म्हणून गेली होती. चष्मेवाला तिच्या नाकावर जड लोखंडी चौकट ठेवून एकेक काच बदलत होता आणि मागच्या बाकावर दातांचे डॉक्टर आणि निवृत्त मोजणीदार एका डोंगरावरून भांडत होते. डोंगर बापजाद्यांचा असावा असं भांडण. तिने न राहवून विचारलं, "कुणाचा हो हा डोंगर?"

"आमचा," डॉक्टर म्हणाले. "थोडा थोडा."

त्या थोड्या थोड्याने तिला धरलं. नवरा गेल्यावर पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायचा कारखाना तिने एकटीने उभा केला होता, आठ बायकांच्या हाताला काम दिलं होतं, नाकावर माशी बसू दिली नव्हती. पण डोंगर आपला असावा, ही गोष्ट वेगळीच. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा त्या दुकानात गेली, आणि या खेपेला चष्म्याचं निमित्तही काढलं नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी चष्मेवाला शटर अर्धं ओढून घ्यायचा. आत चार खुर्च्या, एक ती डोळे तपासायची, मागेपुढे होणारी, तिच्यावर मोजणीदार बसायचे कारण त्यांची पाठ धरलेली. समोर अक्षरांचा तक्ता, वरचं अक्षर हत्तीएवढं आणि खालची ओळ मुंग्यांची. तिन्ही भिंतींवर चष्मे, आत डोळे नसलेले, सगळे यांच्याकडे तोंड करून. आणि जिकडेतिकडे आरसे, त्यामुळे चार माणसं बसली तरी सभा भरल्यासारखी वाटायची.

छोट्या छोट्या कंपन्यांची चर्चा व्हायची. कुणाकडे एक डोंगर, कुणाकडे नदीकाठची गाळाची जमीन, कुणाकडे नुसताच परवाना आणि एक जीपगाडी. पण जीव जडला होता तो एकाच कंपनीवर. मोजणीदार तिचे नकाशे मांडीवर पसरायचे आणि बोट फिरवत सांगायचे, की कथिलाची शीर इथून जाते, इथे दडते आणि इथे पुन्हा वर येते. डॉक्टर म्हणायचे, "दाताच्या मुळासारखी." चष्मेवाला म्हणायचा, "डॉक्टर, तुमचं मूळ दर वेळी चुकीच्या दातात सापडतं, इथे तसं करू नका." हसणं व्हायचं. मग प्रत्येक जण म्हणायचा, उद्या मी थोडे घेतो. आणि शुक्रवारी खरोखरच भाव चढायचा. दर शुक्रवारी. तो चढला की यांना वाटायचं, तिकडे डोंगरात काहीतरी लागलंय, आतल्या लोकांना कळलंय आणि ते गुपचूप घेतायत. मग पुढच्या गुरुवारी आणखी उत्साह.

नियम एकच. विकायचं असेल तर आधी इथे तोंड उघडायचं. कंपनी लहान, एकाने पाठ फिरवली तर दुसऱ्याच्या पायाखालची वाळू सरकते, म्हणून हा नियम. तो मोडायची वेळ कुणावर आली नव्हती. कुणी विकतच नव्हतं.

घरी खालच्या मजल्यावर धाकटी राहायची, थोरलीची जाऊ. तिचाही नवरा नव्हता, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. खालचा मजला तिचा, वरचा थोरलीचा आणि तिच्या कारखान्याचा, मधला जिना दोघींचा आणि त्या जिन्यावरच दोघींची सगळी भांडणं. धाकटीला चष्म्याच्या दुकानात थोरलीनेच नेलं. नेलं म्हणजे बोट धरून नव्हे. दोन वर्षं शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात थांबून नुसतं म्हणायची, "आज पुन्हा चढला गं. तुझं काय, तुझे पैसे बँकेत झोपा काढतायत ना? काढू दे, दमले असतील."

धाकटीने दोन वर्षं ऐकून घेतलं. मग एका गुरुवारी येऊन पाचवी खुर्ची मागितली. आणि काही आठवड्यांनी, सगळ्यांसमोर, पदराशी चाळा करत म्हणाली, "मी खालचा मजला विकला. गिऱ्हाईक पक्कं झालं. पुढच्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी दुपारी पैसे येतील. सगळे यातच घालायचे म्हणते."

चष्मेवाल्याने उठून तिला पाणी दिलं, जणू तिने काही मोठा पराक्रम केला होता. डॉक्टर म्हणाले, "याला म्हणतात छाती."

"आणि तू राहणार कुठे?" थोरलीने विचारलं.

"भाड्याने बघेन. वर्षभरात दुप्पट होतील, मग तुमचा वरचाच मजला विकत घेते, ताई."

सगळे हसले. थोरलीही हसली, कारण तेव्हा तिलाही ते शक्य वाटत होतं.

पुढच्या गुरुवारी चष्मेवाल्याच्या सुनेच्या बाळंतपणाची गडबड झाली. दुकान बंद. मोजणीदारांची पाठ धरली, डॉक्टर परगावी गेले. गुरुवार चुकला. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि कुणीच जमलं नाही तर कुणी काही ठरवलंही नाही.

शुक्रवारी दुपारी थोरलीने सवयीने दलालाला फोन केला. दलाल म्हणजे गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या दुकानावर माडीवर बसणारा, नाकात बोलणारा माणूस. सगळ्यांची खरेदी त्याच्याच मार्फत व्हायची.

"किती चढला?"

"कुठे चढला, बाई? आज व्यवहारच नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे कुणी घेतला नाही, कुणी दिला नाही. अख्ख्या बाजारात एकसुद्धा नाही."

"असं कसं? इतर वारी होत असेल ना?"

"तुमचा हा शेअर शुक्रवारीच जागा होतो हो," दलाल म्हणाला. "आज मात्र झोपूनच राहिला."

थोरलीने फोन ठेवला. समोर कापायच्या टेबलावर निळ्या कापडाचा ढीग होता आणि बायका मशीन चालवत होत्या. ती कात्री हातात घेऊन उभी राहिली पण कापेना. मागच्या शुक्रवारी तिने स्वतः किती घेतले ते तिला पाठ होतं. डॉक्टरांनी किती, मोजणीदारांनी किती, चष्मेवाल्याने किती, ते त्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं. तिने दलालाला पुन्हा फोन लावला आणि विचारलं, त्या दिवशी बाजारात एकूण किती झाले? त्याने सांगितले. तिने मनात बेरीज केली. शाळा चौथीतच सुटली होती, पण बेरजेत ती कधी कुणाला हार गेली नाही. धाकटीने अजून काहीच घेतलं नव्हतं, आणि या चौघांची बेरीज आणि अख्ख्या जगाची बेरीज एकच निघाली. बाहेरचा एकही नव्हता.

तिने कात्री टेबलावर ठेवली.

"मग आम्हाला विकतं कोण?" तिने विचारलं.

"विकायला एक जण कायम उभा असतो, बाई. तुम्ही घेतलेत की तो भाव थोडा वर करून पुन्हा उभा. त्याच्याकडे पोत्यांनी असतील."

"कंपनीवाल्यांपैकी?"

"नावं आम्हाला दिसत नाहीत. पण सुरुवातीलाच ज्याला फुकटात मिळाले, त्याच्याकडेच पोती असणार ना? अहो, तुम्हाला नको असतील तर सांगा. पण घेणारा मात्र कुणी उभा नाही, हे आधीच सांगतो."

दोन वर्षं खणणं चाललं होतं हे खरं. फक्त खाण डोंगरात नव्हती, चष्म्याच्या दुकानात होती.

संध्याकाळी ती जिना उतरताना धाकटीच्या दारात दोन माणसं फीत लावून खिडक्या मोजत होती. नव्या मालकाची माणसं. एक जण म्हणाला, "ही भिंत काढायची." धाकटी त्यांना चहाचे कप देत होती आणि फार खुशीत होती. थोरली काही बोलली नाही. माणसांसमोर बोलायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, दोन वर्षं जिन्यात उभं राहून जिला टोमणे मारले तिला त्याच जिन्यात उभं राहून आपली चूक सांगायची, याला तिची जीभ वळेना. तिने ठरवलं, गुरुवारी सगळ्यांसमोर सांगू. चारचौघांत बोललं की सगळ्यांचीच चूक होते, एकटीची होत नाही.

गुरुवारी शटर अर्धं ओढलं गेलं. चष्मेवाल्याने नातू झाल्याचे पेढे वाटायच्या आधीच थोरली बोलायला लागली.

"ही कंपनी पोकळ आहे," ती म्हणाली. "कथील-बिथील काही नाही. आपण घेतो म्हणून भाव चढतो. घेणारे आपणच आणि चढतो म्हणून नाचणारेही आपणच. गेल्या शुक्रवारी आपण जमलो नाही, तर बाजारात चिटपाखरू नव्हतं. विचारा दलालाला."

मोजणीदारांची खुर्ची कुरकुरली. डॉक्टर दातांत काहीतरी अडकल्यासारखं जीभ फिरवत होते. थोरलीला वाटलं, पोचलं.

मग धाकटी हसली. आधी हळूच, मग तोंडाला पदर लावून.

"अहो डॉक्टर, तुम्ही ताईंबरोबर कधी कापडबाजारात गेलात का? मी गेलेय. ज्या ताग्यावर त्यांचा जीव जडतो ना, त्याच ताग्याला त्या पहिली नावं ठेवतात. हे काय कापड म्हणायचं की मच्छरदाणी? रंग उडालाय, सूत कच्चं आहे, फुकट दिलंत तरी नेणार नाही. आणि मग अर्ध्या भावात सगळा तागा घेऊन येतात. जो माल नको असतो त्याला मात्र, वा, काय सुंदर आहे, असं म्हणून पुढे जातात. मला त्यांनीच शिकवलं हे."

चष्मेवाला धाकटीकडे बघून हसायला लागला. "वहिनी, असं आहे होय?"

"अगं, हे कापड नाही," थोरली म्हणाली.

"म्हणूनच तर," धाकटी म्हणाली. "उद्या माझे एवढे पैसे येणार. भाव चढण्याआधी आम्हा सगळ्यांना घाबरवायचं आणि स्वस्तात स्वतः घ्यायचे."

"मी तुझ्या भल्याचं सांगतेय."

"दोन वर्षांत पहिल्यांदाच, ताई."

हे लागलं. मोजणीदारांनी खुर्ची सरळ केली आणि शांतपणे विचारलं, "बाई, नियमाप्रमाणे विचारतो. तुम्हाला विकायचे आहेत का?"

इथे हो म्हणायला हवं होतं. पण हो म्हणायचं तर घेणार कोण? हेच. हा पाठ धरलेला म्हातारा घेणार, डॉक्टर घेणार, चष्मेवाला नातवाच्या नावाने घेणार. आपल्या हाताने आपला कचरा यांच्या ताटात वाढायचा. ती म्हणाली, "नाही."

"बघा," डॉक्टर म्हणाले, आणि सगळे मोकळेपणाने हसले. पेढे फिरले. थोरलीने पेढा हातात घेतला आणि तसाच पर्समध्ये टाकला. परत येताना धाकटी दोन पावलं पुढे चालत होती, गुणगुणत.

रात्री थोरलीने पडल्या पडल्या मनाशी पक्कं केलं. बोलून ऐकत नाहीत ना, मग डोळ्यांनी बघू देत. धाकटीचे पैसे दुपारी येणार. त्याआधी, सकाळी बाजार उघडल्या उघडल्या, आपले सगळेच्या सगळे विकायला काढायचे, मिळेल त्या भावाला. घेणारा कुणी उभाच नाही म्हटल्यावर भाव कोसळेल, मातीमोल होईल. आपलं दोन वर्षांचं साठवलेलं जाईल. नवीन मशीनं जातील. कारखान्यात पुढच्या वर्षी जुन्याच मशीनांवर शिवू. पण दुपारी धाकटी भाव बघेल आणि तिचा हात मागे येईल. घर गेलं, तरी घराचे पैसे तिच्या हातात राहतील. नियम मोडेल, चारजण तोंडावर थुंकतील. थुंकू देत. कुणाचं तोंड धरता येत नाही.

सकाळी बायका यायच्या आधी तिने दलालाला फोन केला.

"सगळे विका. मिळेल त्या भावाला."

"सगळे?" दलाल म्हणाला. "बाई, विचार केलात ना?"

"विचार करायला तुम्हाला पैसे देत नाही मी."

ती फोन हातात धरून खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर दूधवाल्याची गाडी उभी होती. तिला वाटलं होतं वेळ लागेल, भाव पायरी पायरीने उतरेल, दलाल मधे मधे फोन करून रडेल. फोन लगेच वाजला.

"गेले," दलाल म्हणाला.

"कुठे गेले?"

"विकले गेले. सगळे. मागच्याच भावाला, एका घासात. तुमचं नशीब जोरावर आहे. बाजार उघडल्यापासून एक मोठं गिऱ्हाईक अडून बसलं होतं, मागच्या भावालाच हवेत, वर एक पैसा देणार नाही म्हणून. पलीकडचा, तो कायमचा विकणारा, खाली उतरत नव्हता, आणि हे वर चढत नव्हतं. तेवढ्यात तुमचे आले."

थोरलीने खिडकीच्या चौकटीला हात लावला. असं अडून बसायचं तिने आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं.

"पैसे तर दुपारी येणार होते," ती म्हणाली.

"कुणाचे?" दलालाने विचारलं. तिने फोन ठेवला.

जिन्यात पावलं वाजली. धाकटी कधी नव्हे ते भराभरा चढत आली. अंगावर बाहेर जायची साडी.

"मिळाले, ताई. नव्या मालकाने काल संध्याकाळीच पैसे भरले, तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही. घराचे जवळजवळ सगळे लागले. आणि मागच्याच भावाला हं. कुणीतरी वैतागून अख्खं गाठोडं टाकलं."

"कुणीतरी नाही," थोरली म्हणाली. "मी."

धाकटीचं हसू जागच्या जागी थांबलं.

"मी टाकलं. भाव पाडायला, तू घेऊ नयेस म्हणून. तू आधीच उभी आहेस हे मला माहीत नव्हतं. ऐक. तुझे पैसे माझ्याकडे येतील, ते मी जसेच्या तसे तुला देते. ते शेअर मला परत दे. झालं गेलं मिटलं. जाईल ते माझं जाईल."

धाकटी मशीनच्या स्टुलावर बसली. बराच वेळ तिने थोरलीकडे पाहिलं, कापड उजेडापुढे धरून पाहावं तसं. आयुष्यात पहिल्यांदा थोरली कुणापुढे हात जोडायच्या बेतात होती आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत असणार.

"काल तुम्ही चारचौघांत नावं ठेवलीत," धाकटी सावकाश म्हणाली. "विकायचेत का विचारलं तर नाही म्हणालात. आज सकाळी नियम मोडून भाव पाडायला निघालात. आणि आता तेच शेअर परत मागताय. माझे पैसे जसेच्या तसे देऊन."

"हो. कारण त्यांची किंमत काहीच नाही."

"काहीच नाही, म्हणून तुम्हाला हवेत."

"अगं बाई, माझ्या तोंडाकडे बघून तरी विश्वास ठेव."

"तोंडाकडेच बघतेय. एवढी घालमेल तुमची मी कधीच पाहिली नव्हती, कुठल्याच मालासाठी." धाकटी उठली. तिच्या डोळ्यांत एक चमक आली. "काय कळलंय तुम्हाला? खरं सांगा, ताई. कथील लागलं ना?"

"नाही लागलं."

"लागलं," धाकटी स्वतःशीच म्हणाली. "लागलंच."

"शपथ घेते मी."

पण धाकटी जिना उतरायला लागली होती. थोरली तिच्या मागे पायऱ्यांपर्यंत गेली, तिने दोनदा हाक मारली. खालून नंबर दाबल्याचा आवाज आला. मग धाकटीचा दबका स्वर: "चष्मेवाले भाऊजी, मी बोलतेय. ताई आज वेड्यासारख्या करतायत. परत मागतायत सगळे. हो. नाही, कुणाला सांगू नका, फक्त आपल्यातच."

बायका कामावर आल्या. मशीनं सुरू झाली. थोरलीने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला, तर तिथली मुलगी म्हणाली, डॉक्टर बँकेत गेलेत, ठेव मोडायला. मोजणीदारांचा फोन कुणाशी तरी चालू होता. चष्मेवाल्याने तिचा आवाज ऐकून फोन ठेवून दिला.

उन्हं चढली तेव्हा दलालाचा फोन आला. त्याचा नाकातला आवाज आज वर लागला होता.

"बाई, सकाळी घाई केलीत. शेअर धावतोय. पलीकडचा देतोय आणि हे घेतायत, तो वर सरकतोय आणि हे अजून घेतायत. दोन वर्षांत असं पाहिलं नाही. म्हणतात, बातमी आलीय."

"कुठून आली?"

"ते कसं कळणार? पण आतून आलीय म्हणतात, अगदी खात्रीची. मीसुद्धा थोडे घेतले."

थोरली फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. खाली नव्या मालकाची माणसं आली होती. त्यांनी भिंतीवर घणाचा पहिला घाव घातला आणि वरची फरशी हादरली. त्या आवाजातूनही धाकटीचं बोलणं वर येत होतं. आता ती आपल्या मुलीशी बोलत होती, जावयाकडे किती आहेत ते विचारत होती.